पाचवी टाचणी

टाकेमावशींचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वेदीवरची वस्त्रं, फादरांचे झगे, देवमातेच्या मूर्तीचा निळा शेला, सगळं त्यांच्याच हातचं. शिवताना ओठांवर रोझरीचा जप चालायचा. हात सुईत गुंतलेला, मग माळेचे मणी ओढणार कोण? म्हणून त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. दहा 'नमो मरिये' प्रार्थना झाल्या की कापडात एक टाचणी खोचायची. पाच टाचण्या लागल्या की माळ पुरी. मग पाचही काढून टाचण्यांच्या गादीत परत.

त्या सकाळी नातवाचा बाप्तिस्मा होता. मुलगा आणि सून बाळाला घेऊन पुढे गेले होते. बरोबर देवमातेचा नवा शेलाही नेला होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, हे तिसरं हाती लागलं. सुनेचा नवस होता, बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं की आधी त्याला मरियामातेच्या शेल्यात गुंडाळायचं, मगच तो मूर्तीला चढवायचा.

मावशी मागे राहून टेबल आवरत होत्या. गादीत चारच टाचण्या होत्या.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं. जमिनीवरून चुंबक फिरवलं. दोन हुक तेवढे चिकटून आले. आणि एकदम आठवलं. काल पाचवी टाचणी शेल्याच्या आतल्या बाजूने खोचली आणि तेवढ्यात बाळ रडलं. त्याला उगी करून आल्या आणि माळ झाली या समाधानात अस्तर शिवून मोकळ्या झाल्या. टाचणी आतच होती.

मुलाला फोन लावला, बंद. चर्चमध्ये फोन बंद ठेव, म्हणून दर रविवारी त्याचे कान उपटणाऱ्या त्याच!

चपला उलटसुलट घालून त्या रस्त्याला लागल्या. गुडघे कुरकुरत होते. बेकरीवाली दारातून हसली, "मावशी, बाप्तिस्मा नातवाचा की तुमचा? अशा धावताय त्या!"

मावशी धावतच राहिल्या. आयुष्यभर जिभेवर असलेली प्रार्थनाही आठवेना. 'नमो' म्हटलं की पुढचं काहीच येईना. शेवटी नुसतंच तोंडातून निघू लागलं, "आई, धर त्याला. धर गं." माझ्याच भक्तीने त्याला टोचलं तर? डोळ्याला लागलं तर? सून पुन्हा रिकाम्या हातांनी घरी आली तर?

चर्चमध्ये पोहोचल्या तेव्हा पाणी पडून गेलं होतं. बाळ सुनेच्या हातात, निळ्या शेल्यात होतं आणि गप्प होतं.

"आवळू नको! हलू नको!" त्या सुनेवर ओरडल्या. फादर हातातल्या मेणबत्तीसह वळले. मुलगा पुटपुटला, "आई, काय हे, लोक बघतायत."

"बघू देत."

त्यांनी शेल्याची शिवण बोटांनी चाचपली. बोटं बाळाच्या मानेमागे आली आणि एका बोटात कळ गेली. टोक अस्तरातून बाहेर आलं होतं. निळ्यावर रक्ताचा ठिपका उमटला, पण तो मावशींचा. बाळाने जांभई दिली.

मान आणि टोक यांच्यात चार बोटांची मोकळी जागा होती. सून बाळाला कधीच घट्ट गुंडाळत नसे. सैल, ढगळ, आत हात जाईल असं. मावशी रोज टोमणा मारायच्या, "बाळ आहे ते, काचेचं भांडं नाही. किती भित्री गं तू!"

सून पांढरीफटक पडली होती. "मला भीती वाटते आई, श्वास कोंडेल म्हणून," ती म्हणाली, जणू तिचंच चुकलं होतं.

मावशी तिथेच पायरीवर बसल्या. समोर मूर्तीच्या कडेवरचं मूलही सैलच धरलेलं होतं. इतकी वर्षं तिचे शेले शिवले, पण हे कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अस्तर उसवलं, टाचणी काढली, डाग धुतला आणि शेला पुन्हा शिवायला घेतला. पहिल्या दहा नमो मरिये झाल्या. हात सवयीने टाचणीकडे गेला आणि थबकला. मग त्यांनी गादी उचलून सुनेच्या मांडीवर ठेवली.

"टाचणी मागितली की तू द्यायची. आणि सगळ्या परत आल्याशिवाय मला उठू द्यायचं नाही."

"मी कशाला, आई?"

"तू भित्री आहेस ना? मग तूच हवीस."