आत्याने टांगलेला अंधार

आत्याला लहानपणापासून एकच वाक्य ऐकायला मिळालं: "तुला नाही जमायचं." तिचा एक पाय अधू आहे, एवढंच निमित्त. तिने शिलाई मशीन घेतलं तेव्हा माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, हेच म्हणाले. दुकान भाड्याने घेतलं तेव्हाही हेच. आज बाबांच्या घरातले झाडून सगळे पडदे तिने शिवलेले आहेत, आणि तेच पडदे सरकवत ते तिला शहाणपण शिकवतात. मला भयंकर राग येतो.

धूमकेतू आला तेव्हा बाबा सगळ्यांना गाडीतून शहराबाहेरच्या टेकडीवर न्यायला निघाले. आत्याही तयार होऊन आली होती.

"तुला ती चढण नाही जमायची," बाबा म्हणाले. "आणि इथून काही दिसत नाही. उगाच मान दुखवून घेऊ नकोस."

मी गाडीतून उतरले. गाडी गेली.

"रडू येतंय का गं?" मी विचारलं.

"रडतेय माझी चप्पल. चल, तागा काढू लाग."

आम्ही तिच्या घरी आलो. तिच्या गॅलरीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे बरोबर धूमकेतूकडे. पण समोरच्या दुकानाची भलीमोठी झगझगीत पाटी आणि रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत घुसायचे. पाटी थोडा वेळ बंद ठेवा, असं तिने दुकानदाराला सांगून पाहिलं होतं. तो हसला होता.

आत्याने ब्लॅकआउटचं, उजेड अडवणाऱ्या पडद्यांचं काळं कापड उलगडलं.

"अगं आत्या, गिऱ्हाइकाचं आहे ना ते!"

"त्याला अंधारच हवाय ना? आधी तपासून बघू."

कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून आम्ही पाटी झाकली, दुसऱ्या तुकड्याने दिवा. घरातले दिवे घालवले. मशीनवरच्या इवल्या बल्बलाही तिने चिंधी बांधली. मग स्टुलांवर बसून राहिलो. संध्याकाळ उतरत गेली तरी काही दिसेना. बाबाच खरे ठरणार, असं मला वाटायला लागलं. आत्या जागची हलली नाही.

"तो बघ," ती म्हणाली.

पाण्याच्या टाकीच्या वर, कापडावरची खडूची रेघ झटकल्यावर उरते तेवढा पुसट. नजर सरावली तशी शेपटीही दिसली, वर जाऊन डावीकडे कललेली. मी ओरडलेच.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. पलीकडून बाबा. "अगं, काय दिसतोय इथून! तुला सांगून कळायचं नाही. शेपटी तर अशी..."

"डावीकडे कललीय."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? समोर दिसतोय. ठेव आता दादा, तुझ्या फोनमुळे उजेड मध्ये येतोय."