हेडफोन लावल्यावर

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते कानातच येऊन पडतात. सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये आम्ही चौघं ऑपरेटर होतो. फोन करणारे बहुतेक अडलेले असायचे. हसण्याचे किस्से म्हणून थोडेच.

* * *

आमच्यातला देशमुख बोलायला साखर! फोन करणाऱ्याला "तुमच्यासाठी जीव देतो साहेब!" म्हणायचा आणि चहाला निघून जायचा.

एकदा मी विचारलं, "त्या माणसाले लाइन देली का?"

"आशा देली ना!"

बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. गोड बोलणाऱ्यांची मला तेव्हापासून धास्तीच आहे.

* * *

गवई मात्र सगळ्यांवर खेकसायचा. एका खेड्यावरून फोन आला, बायको अडली आहे. "मी काय सुईण हाये का बे?" म्हणून ओरडला आणि सायकल काढून स्वतः डॉक्टरला उठवायला गेला.

बाई वाचली, लेकरू गेलं. नवरा आठवड्यानं पेरू घेऊन आला. गवई म्हणाला, "पेरू कायले आनले? लेकरू कुठी वाचलं?" आणि तोंड फिरवून बसला. ते पेरू कोणीच खाल्ले नाहीत.

* * *

चौथी शकुंतला. इतकी लाजरी, की ऑफिसात पाणीसुद्धा मागायची नाही. नव्या सुपरवायझरनं विचारलं, "ही बाई मुकी आहे का?"

गवई म्हणाला, "हेडफोन लावू द्या तिले, मंग पाहा!"

* * *

आसेगावच्या सखारामकाकांचा मुलगा नागपूरला दवाखान्यात होता. काका पोस्टातून फोन करायचे. लांबच्या लाइनवर नागपूरचा आवाज त्यांना ऐकूच यायचा नाही. शकुंतला मधे ऐकून सांगायची, "काका, आज दोन घास जेवला तो."

एक दिवस तिकडून मुलगा गेल्याचं कळलं. गवई म्हणाला, "मी सांगतो." तिनं मानेनंच नको म्हटलं आणि स्वतःच सांगितलं. काकांचं रडणं थांबेपर्यंत तिनं लाइन सोडली नाही. सुपरवायझर घड्याळ दाखवत होता. मला त्याचा भयंकर राग आला.

तेरवी झाल्यावर काका एक्स्चेंजमध्ये आले.

"बाई, तू होती म्हून मी उभा राह्यलो. एक डाव बोल मायासंग."

शकुंतला खाली मान घालून बसली. शब्द फुटेना. काकांनी तिच्यापुढच्या हेडफोनकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या पब्लिक फोनपाशी गेले, पाठ फिरवली आणि रिसीव्हर उचलला.

तिच्या पुढ्यातल्या स्विचबोर्डावरचा दिवा लागला. शकुंतलेनं हेडफोन चढवला.

"हो काका, बोला. मी आहे."