मामींच्या राउटरचं दार

"अस्कं समजलं. आता परत सांग."

असं म्हणून मामी चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि मोठ्या अपेक्षेनं माझ्याकडे बघायच्या. अस्कं म्हणजे सगळं. आम्ही सांगलीकडचे लोक हा शब्द केव्हाच विसरलो, पण तंजावूरच्या मराठी घरांत तो अजून रोजच्या वापरात आहे. नोकरीसाठी मी इथं आले आणि राजवाड्यामागच्या गल्लीत बिऱ्हाड केलं, तेव्हा समोरच्या घरातून पहिल्यांदा मराठी ऐकू आलं ते मामींचं. नात्यानं त्या माझ्या कोणी नव्हेत. अख्खी गल्लीच त्यांना मामी म्हणायची.

मामी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरात एकट्या. कॉम्प्युटर इतका जुना की नवं विंडोज त्याला झेपेना, म्हणून कोणीतरी त्यावर लिनक्स घालून दिलेलं. त्यावर त्या रोज दुपारी कॉफी पिऊन गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायच्या. वळणावर गाडी वळली की खुर्चीत त्यासुद्धा वळायच्या.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "तू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतेस ना? माझ्या राउटरात एक दार उघडून दे."

मी पूल बांधायला शिकवते. राउटरशी माझा संबंध तो बंद करून पुन्हा चालू करण्यापुरता. हे सांगून पाहिलं. मामी म्हणाल्या, "सरि, बरं. पूल तर पूल. पापनाशमपर्यंत बांध."

पापनाशमला त्यांची धाकटी बहीण. दोघी बरीच वर्षं बोलत नव्हत्या. आई शेवटी धाकटीकडे होती, आणि ती गेली तेव्हा मामींना निरोप उशिरा मिळाला. मुद्दाम उशिरा दिला, असं मामींच्या मनानं घेतलं. आता धाकटीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तिच्या मुलीनं मामींना कळवलं होतं, की अम्मा दिवसभर भिंतीकडे बघत पडून असते, तुमच्याशी फोनवर बोल म्हटलं तर नको म्हणते. पण तुम्ही खेळता तो गाड्यांचा खेळ मी तिला लावून दाखवला, तर तुमच्याशी तो खेळेन म्हणाली.

शर्यत मामींच्या कॉम्प्युटरवर भरायची आणि बहिणीनं तिथून आत यायचं, असं ठरलं. इंटरनेटवर दुसऱ्यांनी भरवलेल्या शर्यती आयत्या मिळतात, तिथं जाऊन खेळा, असं मी सुचवलं. मामींना ते पटलं नाही. "इतक्या वर्षांनी येतेय ती. दुसऱ्याच्या घरी बोलावू कां?"

मग सुरू झाला आमचा गोंधळ. बाहेरून येणारी वाट राउटरमधून नेमक्या कॉम्प्युटरकडे वळवायची, याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, एवढं मी वाचून काढलं. राउटरच्या पानावर पोर्टचा, म्हणजे त्या दाराचा, नंबर भरला. चालेना. मग कळलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला की घरातला त्याचा नंबर बदलतो. तो पक्का केला. तरी चालेना. वाटेचेही टीसीपी आणि यूडीपी असे दोन प्रकार निघाले. आम्ही टीसीपी निवडलं होतं, खेळाला हवं होतं यूडीपी. तेही बदललं. मग लिनक्सची स्वतःची फायरवॉल आडवी आली. तिच्यातही वाट केली.

मी हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून दिलं. मामींनी कागद उलटसुलट केला आणि हसल्या. "भाषा माझीच, पण शाळा सगळी तमिळमध्ये. ही अक्षरं मला वाचता कुठं येतात? तोंडानं सांग." मी सांगितलं. "अस्कं समजलं," मामी म्हणाल्या. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मामींच्याच वायफायवर माझा लॅपटॉप लावला की मी झटकन शर्यतीत शिरायची. मोबाइलच्या इंटरनेटवरून शिरू पाहिलं की काही नाही. घरातून दार उघडं, बाहेरून बंद. हे असं का, ते मला कळेना आणि मामींनाही.

तशातच भाचीचा फोन आला. मामींनी तो स्पीकरवर घेतला. "पेरियम्मा, अम्मा सकाळपासून बघतेय. आत येताच येत नाही." मागून एक थकलेला आवाज ऐकू आला: "सोड गं. तिला नकोच असेल."

फोन ठेवल्यावर मामी बराच वेळ माऊसची वायर बोटाला गुंडाळत बसल्या. "अय्यो, तिला वाटेल मी मुद्दाम दार लावून घेतलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं ना, तसंच."

मी राउटरचं तेच पान पुन्हा उघडलं; त्यावर राउटरचा बाहेरचा पत्ता आकड्यांत लिहिलेला होता. मामींच्या वायफायवर लावलेल्या मोबाइलवर, आपला पत्ता बाहेर काय दिसतो ते दाखवणारी वेबसाइट उघडी होती. मामी दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. गणिताच्या बाईच त्या.

"हा आकडा आणि तो आकडा एकच हवा ना?"

"हवा."

"मग वेगळा कां?"

त्या 'कां'च्या मागे लागून मी शोधत गेले, तेव्हा उलगडलं. इंटरनेट कंपनीनं कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता दिला होता. आम्ही घरातलं दार उघडत होतो, आणि बाहेरचं फाटक होतं कंपनीकडे.

"म्हणजे माझ्या घराला पत्ताच नाही?" मामी खरोखर दुखावल्या. "आमचे लोक इथं कधीपासून राहतात, माहीत आहे तुला?"

त्यांनी कंपनीला फोन लावला आणि शाळेतल्या आवाजात तमिळमध्ये स्वतःचा वेगळा पत्ता मागितला. पलीकडच्याला मागणी कळेपर्यंत त्यांनी ती तीनतीनदा समजावली. काही दिवसांनी पत्ता मिळाला.

त्या दुपारी पडद्यावर मामींच्या लाल गाडीशेजारी एक हिरवी गाडी येऊन उभी राहिली. फोन स्पीकरवर चालूच होता, पण कोणी बोलेना. शर्यत सुटली. पहिली फेरी तशीच गेली. दुसऱ्या फेरीत मामी अरुंद पुलावर मधोमध गाडी घेऊन अडून राहिल्या, आणि फोनमधून कडाडून आवाज आला, "अक्का, बाजूला हो की!"

मामी बाजूला झाल्या. इतक्या झाल्या की थेट पाण्यात पडल्या. पलीकडे कोणीतरी खदखदून हसलं. मामी डोळे पुसत म्हणाल्या, "आता कुठून वर यायचं, मला दिसत नाही."

महिनाभरातच मामी पापनाशमला राहायला गेल्या. कॉम्प्युटर सुती साडीत गुंडाळून ऑटोत मांडीवर घेतला. समोरच्या दाराला आता कुलूप असतं, आणि दुपारी कॉलेजातून आले की गल्लीत मराठी ऐकू येत नाही.

मध्ये मी त्यांना भेटायला गेले. एकाच टेबलावर दोन कॉम्प्युटर, मध्ये एक वायर. राउटर नाही, पोर्ट नाही. "हे कसं जमवलंत?" मी विचारलं.

"ते काही कळलं नाही," मामी म्हणाल्या. "चालतंय. हात लावू नकोस."

आईच्या वेळचं ते सगळं दोघी कधी बोलल्या की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. शर्यत संपल्यावर बहीण माझ्यासाठी कॉफी करायला उठली. वॉकर भिंतीशी होता, तो तिनं घेतला नाही. मामी न सांगता तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ती सावकाश स्वयंपाकघराकडे निघाली.