सिंगापूरला डबा कोण आणणार

मार्चमधला रविवार, सकाळ. ठिकाण सेक्टर ६ मधलं आमचं क्वार्टर. हजर: दुर्गच्या मोहन नगरहून आलेले बाबा आणि आई, मी, आणि फोनवर मेलबर्नहून धाकटी बहीण, आठवा महिना सरत आलेला. बाबांना डॉक्टरांनी विमान मना केलंय, त्यामुळे बाळंतपणाला आईनं एकटीनं जायचं होतं. तिकीट त्याच दिवशी काढायचं ठरलं होतं.

रायपूर ते मेलबर्न किती तास, हे मी नेटवर बघून ठेवलं होतं. अकरा-बारा.

"म्हणजे दुर्गहून मुंबईच्या गाडीपेक्षा कमीच," बाबा खूश झाले.

मग मला सांगावं लागलं की हा हिशेब सरळ रेषेचा, आणि त्या रेषेवरून विमान जात नाही. रायपूरहून मुंबई, तिथून सिंगापूर, मग मेलबर्न. थांबे धरून दीड दिवस.

बाबा रेल्वेत गार्ड होते. आमच्या घरात प्रवास तासांपेक्षा वाटेत कोण भेटणार यावर मोजला जायचा. नागपूरला निघालं की गोंदियाच्या फलाटावर मावशी गरम डबा घेऊन उभी असायची. खिडकीतून डबा आत, आमचा डबा बाहेर, आणि गाडी हलेपर्यंत घरादाराच्या बातम्या.

"मुंबईले तुया मामा उभा राहीन," बाबा म्हणाले. "सिंगापूरले कोण आहे?"

"कोणी नाही. तिथं फक्त विमान बदलायचं."

"अन् तिची शुगर? खाल्लं का म्हणून कोण पुसीन?"

"विमानात जेवण देते न जी बाबा," फोनमधून बहीण.

"देत असन. आग्रह करत नसन."

मी यादी पुढे केली: चाकाची खुर्ची, बिनसाखरेचं जेवण, औषधं हातातल्या पिशवीत. त्यांनी ती वाचलीही नाही. आई इतका वेळ मेथी निवडत होती.

"गोंदियाले मी कधी खाली उतरली का?" ती म्हणाली. "दशम्या नेईन पिशवीत. मले पोरीजवळ पोचायचं आहे."

"तू चूप राय."

तिकीट निघालं नाही. बहिणीचा रोज फोन: आई येणार की नाही तेवढं सांग, म्हणजे दुसरी सोय बघते. मी रोज मोहन नगरला फोन करायचे आणि रोज बाबांचं तेच उत्तर यायचं: सिंगापूरले कोण आहे?

बुधवारी बाबा स्वतःच स्कूटरवर आले. त्यांच्या रेल्वेतल्या जुन्या ड्रायव्हरचा भाचा सिंगापुरात निघाला होता. विमानतळावर डबा घेऊन यायला कबूलही झाला होता. "आता काढ तिकीट." मी त्यांच्यासमोरच काढलं. जाताना त्यांनी सुपेल्याच्या बाजारातून आणलेला नवा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. त्यात चिवडा भरून आईनं त्या भाच्याला द्यायचा, आपल्याकडून रिकामा डबा जात नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा मला फोन. "ताई, यायची तयारी आहे माझी. पण विमान बदलणाऱ्यांच्या भागात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. काकांना सांगायची हिंमत नाही झाली."

खुर्ची सांगून झाली. जेवण सांगून झालं. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत करून घेतली. चिवडाही झाला, डबा भरून तिथंच टेबलावर आहे. आई शनिवारी निघणार. बाबांना सांगायचं तेवढं राहिलंय.