तिच्या वडिलांचं नाव

अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटातली मराठी मंडळी मला फॉर्मवाले काका म्हणतात. चौदा वर्षं व्हिसावर काढली. त्या काळात वकिलाने भरलेला प्रत्येक फॉर्म मी स्वतः पुन्हा तपासायचो, आणि दोनदा तर त्याच्याच चुका काढून दिल्या. त्यामुळे कुणाच्या सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा असो की कुणाचा पासपोर्ट हरवलेला असो, फोन मलाच येतो. मी आधी दहा मिनिटं ओरडतो, कागद असे ठेवतात का म्हणून, आणि मग भरून देतो.

ज्याची ही गोष्ट, त्याची ओळख मात्र फॉर्ममुळे नाही, सोफ्यामुळे झाली. आम्हाला जुना सोफा घरातून घालवायचा होता. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की अफगाणिस्तानातून आलेल्या लोकांना फर्निचर हवंय. मी भाड्याचा ट्रक केला आणि तासभर ड्राइव्ह करून अटलांटाच्या पलीकडच्या एका अपार्टमेंटमध्ये तो सोफा नेऊन टाकला. परोपकार वगैरे काही नव्हता, अडगळ जात होती. तिथे एकटाच माणूस राहत होता, तिशी-बत्तिशीचा. त्याने सोफा एका बाजूने असा उचलला की माझी लाजच गेली. मग बिनदुधाचा वेलचीचा चहा पाजल्याशिवाय सोडेना. मला तो पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागला. मी दचकलो. तर म्हणाला, आमच्याकडेही चुलत्याला काकाच म्हणतात.

लहानपण पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत गेल्यामुळे त्याला उर्दू चांगली येत होती. इंग्रजी तर माझ्यापेक्षा सफाईदार. आठ वर्षं तो अफगाणिस्तानच्या पूर्वेकडच्या डोंगरांत अमेरिकन फौजेबरोबर दुभाष्या होता. फौज निघाली तेव्हा विमानतळाच्या फाटकातल्या गर्दीत तो आत ओढला गेला, आणि बायको दीड वर्षाच्या मुलीला घेऊन बाहेर राहिली. हे त्याने दोन वाक्यांत सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. आता त्या दोघींना इकडे आणायचं होतं, आणि त्यासाठी फॉर्म होता.

मग काय, मी बाह्या सरसावल्या. एका रविवारी दुपारी त्याच सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. पहिलाच रकाना बायकोच्या नावाचा. त्याला स्वतःलाच आडनाव नव्हतं. फौजेत पहिलं ओळखपत्र करताना रकाना रिकामा राहू नये म्हणून कुणीतरी त्याच्या टोळीचं नाव तिथे घातलं होतं, आणि तेच पुढे अमेरिकेपर्यंत चिकटून आलं. मी झरझर टाइप केलं. बायकोचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग ते आडनाव. माझ्या आईचं नाव असंच लिहिलं जायचं, बायकोचं असंच, मामीचं, मावशीचं, सगळ्या जणींचं असंच. याच्यात विचार करण्यासारखं काय आहे?

तो स्क्रीनकडे बघत होता. हळूच म्हणाला, काका, तिच्या कागदांवर तिच्या वडिलांचं नाव आहे. आमच्याकडे लग्नानंतर बदलत नाही.

मी म्हटलं, ते माहेरचं नाव झालं. अमेरिकन फॉर्मवर लग्नानंतरचं नाव लागतं. नवरा-बायकोचं आडनाव एकच दिसलं की ऑफिसरला शंका राहत नाही. त्याची खात्री पटावी म्हणून मी फोनमधून माझ्या बायकोच्या पासपोर्टचा फोटो काढून दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि ओके म्हणाला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की त्याचं काम फत्ते.

अकरा महिन्यांनी पत्र आलं. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव जुळत नाही. लग्नाच्या कागदावरही हे नाव नाही. अर्जातली बाई आणि कागदांतली बाई एकच आहे, याचा पुरावा द्या.

पुरावा म्हणजे तिच्या वडिलांनी तिकडच्या कचेरीत जाऊन सही-शिक्क्याचा कागद आणायचा. पण त्या कचेरीत आता कोण बसलं होतं? ज्यांच्या शोधात हा आठ वर्षं अमेरिकन सैनिकांबरोबर डोंगर चढत होता, तेच. म्हातारा तिथे जाऊन काय सांगणार, माझा जावई अमेरिकेत आहे, शिक्का द्या? म्हातारा गेला नाही. मी लांबलचक खुलासा लिहिला. त्यात भारतातली नाव लिहिण्याची पद्धत समजावून सांगितली, आणि नमुना म्हणून बायकोच्या पासपोर्टची कॉपी जोडली. बायकोने तो वाचला. एरवी ती चार शब्द सुनावते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आणि भाजी फोडणीला टाकायला गेली.

कागदांच्या ये-जा करण्यात आणखी सव्वा वर्ष गेलं. त्या दोघी तोवर सीमा ओलांडून इस्लामाबादला येऊन एका खोलीत राहत होत्या, कारण इंटरव्ह्यू तिथे होणार होता. शेवटी अर्ज मान्य झाला, इंटरव्ह्यूची तारीख आली. आणि त्या तारखेच्या तीन आठवडे आधी इथल्या सरकारने त्या देशाच्या लोकांचे व्हिसा थांबवले. तारीख कॅन्सल झाल्याचा ईमेल आला. पुढे पाकिस्तानी पोलिसांनी ती खोली रिकामी करायला लावली आणि त्यांना ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडे सोडलं. आता त्या डोंगरातल्या गावात, तिच्या वडिलांच्या घरी आहेत.

अकरा महिने आणि सव्वा वर्ष. मी पुन्हा पुन्हा बेरीज-वजाबाकी केली. नाव नीट लिहिलं असतं तर त्या दोघी कधीच्या इथे आल्या असत्या. हे कळल्यावर मला रडू यायला हवं होतं, निदान रात्रीची झोप तरी उडायला हवी होती. तसं काही झालं नाही. मी ऑफिसला जात होतो, मीटिंगमध्ये बोलत होतो, जेवत होतो. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. फोन वाजला आणि त्याचं नाव दिसलं की उचलायला मात्र हात जात नसे.

एका शनिवारी सकाळी शेवटी गेलो. त्याने चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच म्हटलं, चूक माझी होती. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही.

तो म्हणाला, मला माहीत आहे. त्याच दिवशी माहीत होतं.

मग का नाही बोललास, म्हणून मी त्याच्यावरच चिडलो. होय, चिडलो. माझा स्वभाव कुठे जातो.

त्याने चहा गाळला आणि एक गोष्ट सांगितली. एका खोऱ्यात ते एका माणसाला पकडायला गेले होते. यादीत त्याचं नाव होतं, बापाचं नाव नव्हतं. त्या गावात त्या नावाचे तीन पुरुष. सैनिकांनी पहिल्या दारातून जो धरला तो मेंढ्या राखणारा होता, आणि दुभाष्याला, म्हणजे याला, ते दिसत होतं. याने अधिकाऱ्याला एकदा सांगितलं की हा तो नसावा. अधिकारी म्हणाला, मला खात्री आहे, त्याला सांग आमच्याबरोबर चल. याने तसं सांगितलं. तो माणूस दोन वर्षं परत आला नाही. तेवढ्या काळात त्याचे दोन्ही भाऊ बंदुका घेऊन डोंगरात गेले, आणि मग त्या खोऱ्यात फौजेला रस्त्याने जाता येईना.

"मी एकदाच सांगायचो, काका," तो म्हणाला. "समोरचा खात्रीने बोलला की गप्प बसायचो. आठ वर्षं तेच काम होतं. बोललेलं तसंच्या तसं पोचवायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. तुम्हीही तसेच खात्रीने बोललात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. आयुष्यभर मी लोकांना खात्रीने सांगत आलो. उंटावरून शेळ्या हाकायची जुनी खोड. पण त्या अधिकाऱ्याच्या रांगेत कुणी मला आणून बसवेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी सोफ्यावर बसलो आणि चहा प्यायलो. चव लागली नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तिकडे संध्याकाळ होती. कधी नव्हे ती रेंज मिळाली होती आणि व्हिडिओ लागला. पडद्यावर मुलगी होती. आता सहा वर्षांची झालेली, डोक्याला ओढणी, पुढचा एक दात पडलेला. बाप तिच्याशी पश्तूत बोलत होता. मध्येच तिने मला पाहिलं आणि काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे वळला आणि लगेच, सवयीने, तिचं वाक्य माझ्यासमोर ठेवलं. "ती विचारते, कागदवाले काका ते हेच का? आमचे कागद कधी होणार?"

माझ्या अंगात किती महिन्यांनी काहीतरी हललं. मी म्हटलं, "तिला सांग, तुझे कागद माझ्यामुळे अडले. चूक माझी. आता कधी होतील मला ठाऊक नाही. तिची माफी माग... नाही, मी मागतो म्हणून सांग."

तो फोनकडे वळला आणि बोलला. पश्तू मला येत नाही, पण माझं एवढं मोठं बोलणं त्याने दोन-चार शब्दांत आटोपलं, हे कुणालाही कळलं असतं. मुलगी हसली. पडलेल्या दाताची जागा दिसली. तिने कपाळाला हात लावून मला सलाम केला.

मी विचारलं, काय सांगितलंस तिला?

"सांगितलं की काका कागद भरतायत," तो म्हणाला, आणि माझा रिकामा कप घेऊन आत गेला.