कांदा-बटाट्याचा काटा

वाशीतल्या नव्या घरात आम्ही राहायला आलो, तेव्हा भिंतीत पहिला खिळा ठोकला गेला तो माझ्या फोटोसाठी. घड्याळ अजून गादीच्या गुंडाळीत होतं, देव खोक्यात होते, पण मी भिंतीवर होते. फोटोत मी जेमतेम बसायला लागलेली, उघडीबंब, कमरेला काळा करदोटा, आणि हाताला इतक्या वळ्या की मनगट शोधावं लागे. शेजारी स्टीलचा डबा. परळच्या आमच्या चाळीतल्या गणपतीत सुदृढ बालक स्पर्धा झाली होती, तिच्यात मी पहिली आले होते आणि तो डबा बक्षीस मिळाला होता. पुढे त्या डब्यात आम्ही साखर ठेवायला लागलो, हे आमच्या घराच्या रीतीला धरूनच झालं.

घरी कोणीही आलं की माझे वडील, म्हणजे अप्पा, आधी फोटोकडे बोट दाखवत. "आमची मुलगी. वजन किती असेल, सांगा बरं." पाहुणा बिचारा अंदाज करी. अप्पा खूश होऊन मान हलवत, "अहो, त्याहून जास्त!" मग मला आतून हाक मारली जाई आणि दुसरा प्रश्न येई, "आणि आता किती असेल?" लहान होते तोवर मलाही यात मजा यायची. फार काही न करता आपलं कौतुक होतं आहे, हे कुणाला आवडणार नाही?

अप्पांना कुणी हसायचं कारण नाही. ते माणदेशातले. त्यांच्या लहानपणी ओळीने काही वर्षं पावसाने दगा दिला, आणि त्यांची धाकटी बहीण अर्धपोटी राहून राहून एका साध्या तापात गेली. पुढे मुंबईत नोकरी लागली, महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला, तेव्हा त्यांनी एकच ठरवलं की आपल्या घरात कुणाचं पोट रिकामं राहता कामा नये. जेवायला बसलो की वाढायचं काम आईचं नसे, त्यांचं असे. मी "नको" म्हटलं की एक पोळी, "खरंच नको" म्हटलं की अर्धी, आणि ताटावर आडवा हात धरला की हातावर तुपाची धार. त्यांचं माझ्यावरचं सगळं प्रेम त्या तुपाच्या वाटीत होतं आणि ते मी पुसून पुसून खाल्लं.

सहावी-सातवीत गेल्यावर मात्र हे प्रेम जिना चढताना जाणवायला लागलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचं नाव नाही. दुसऱ्या मजल्यावर मी दप्तर खाली ठेवून उभी राहायची आणि कुणी आलं तर चपलेचा बंद नीट करतेय असं दाखवायची. त्याच सुमारास कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून आमच्याकडे आला. रस्त्यांवर गोण्यांनी भरलेले ट्रक दिसायला लागले आणि वर्गातल्या कुण्या हुशार डोक्याने माझं नाव ‘गोणी’ ठेवलं. मुलं कल्पक असतात, एवढंच म्हणते.

त्यात शाळेची आरोग्य तपासणी. वर्गातच काटा ठेवायचे, एक बाई वजन मोठ्याने पुकारायच्या आणि दुसऱ्या मांडून घ्यायच्या. त्या वर्षी तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता. शिडशिडीत, सुती साडी, आणि आवाज असा की पेशंटचा आजार घाबरून निम्मा बरा व्हावा. माझं वजन पुकारलं गेलं आणि वर्ग खिदळला. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या.

"पुकारताय काय असं? हा लिलाव आहे का?"

त्यांनी शिपाईमामांना चादर आणायला लावली, दोन खिडक्यांच्या गजांना ती कोपऱ्यात आडवी बांधली आणि काटा तिच्या मागे नेला. त्यानंतर एकेक मुलगी चादरीमागे जायची आणि तिचं वजन ती आणि डॉक्टरीणबाई यांच्यापलीकडे कुणाला कळायचं नाही. हडकुळ्या मुलीही हायसं वाटून बाहेर आल्या, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला वाटत होतं, काट्याची भीती मला एकटीलाच आहे.

त्याच आठवड्यात बाई संध्याकाळी आमच्या घरी आल्या. अप्पांनी सवयीने फोटोकडे बोट दाखवलं. बाईंनी फोटो नीट पाहिला, "गोड आहे," म्हणाल्या, आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. मुलीला धाप लागते, या वयात लागू नये.

अप्पा ऑफिसात शुद्ध बोलत. रागावले की गावाकडे जात. "भूक म्हंजे काय ते तुमाला ठावं न्हाई बाई. माज्या पोरीला मी उपाशी ठिवू व्हय?"

"उपाशी कोण ठेवा म्हणतंय?" बाईंचा आवाजही चढला. "तिला वेगळं काही देऊ नका. घरात सगळ्यांना जे तेच तिला. फक्त ताटात कुणी वाढायचं नाही. तिला मागू दे. मागेल तेवढं द्या."

अप्पांना यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. त्या रात्री जेवताना ते तुपाची वाटी जवळ घेऊन नुसते बसून राहिले. मी एक पोळी मागितली, मग आणखी एक मागितली, आणि थांबले. पोट भरलं की ते आपल्याला सांगतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण ते बोलायच्या आधीच त्याच्यावर पुढची पोळी पडत आलेली. अप्पांनी वाटीवर झाकण ठेवलं आणि ते हात धुवायला गेले. मला रडू आलं. आपण त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलं असं वाटलं.

बाईंनी आईला आणखी एक गोष्ट सांगितली होती. "हिला एकटीला मैदानात पळायला लावू नका, लोक बघतील आणि ही दुसऱ्या दिवशी येणार नाही. सगळ्याच मुलींना पळवा." आमच्या इमारतींच्या मधोमध एक मोकळा प्लॉट होता. जमीन खारी, उन्हाळ्यात भेगा आणि भेगांत खेकड्याची पिल्लं. तिथे मुलगे क्रिकेट खेळत. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आपोआप गॅलरीत जाऊन उभी राही, तसा काही नियम नव्हता तरी. माझी आई एरवी भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारी बाई. पण ती घरोघर गेली, मुली गोळा केल्या, आणि क्रिकेटवाल्या मुलग्यांपुढे जाऊन उभी राहिली. "पाच ते सहा आमच्या मुली. मग तुम्ही." मुलगे म्हणाले, "काकी, मॅच चालू आहे." आई म्हणाली, "मग स्टंप तिथेच राहू दे, आम्ही खांब म्हणून वापरू." दुसऱ्या दिवशी तिने दोन चांगले बांबू पुरून घेतले आणि आमचा खो-खो सुरू झाला.

शेजारच्या खाडीकाठच्या गावातल्या आगरी मुली पहिल्या दिवशी कडेला उभ्या राहून बघत होत्या, दुसऱ्या दिवशी खेळात होत्या. त्या अनवाणी अशा पळत की आमचे डोळे त्यांच्यामागे जाऊन थकायचे. मी सुरुवातीला नुसती बसायची आणि खो मिळाला की दोन पावलांत दमायची. पण तिथे मला कुणी ‘गोणी’ म्हटलं नाही. सगळ्याच पडत होत्या, सगळ्यांचेच गुडघे फुटत होते. काही महिन्यांनी मी दुसऱ्या मजल्यावर दप्तर ठेवायचं विसरले. तिसऱ्यावर पोचल्यावर ते लक्षात आलं आणि मी मुद्दाम खाली जाऊन पुन्हा चढून आले. बारीक मी तेव्हाही झाले नव्हते. पण मी जिना जिंकला होता, आणि माझी मान त्या दिवशी जी ताठ झाली ती अजून तशीच आहे.

मग गणपती आले. आमच्या मंडळाने ठरवलं की यंदा सुदृढ बालक स्पर्धेत मोठ्या मुलांचाही गट ठेवायचा. तान्ह्यांसाठी दवाखान्यातला काटा होता. मोठ्यांसाठी काय? मंडळाचे सेक्रेटरी शेजारच्या गावचे. त्यांच्या जमिनीवरच आमच्या इमारती उभ्या होत्या, आणि बाजारात त्यांची ओळख. त्यांनी टेम्पोत घालून गोण्या तोलायचा लोखंडी काटा आणला. त्याच्या फळीला कांद्याची साल चिकटलेली होती. तो स्टेजवर मधोमध ठेवला, वर झेंडूची माळ घातली.

अप्पांनी माझं नाव मला न विचारता पहिल्याच दिवशी दिलं होतं. खेळून अंगात ताकद आली म्हणजे वजनही चांगलं भरेल, असा त्यांचा हिशेब. मला कळलं तेव्हा मी आईपाशी रडले. आई म्हणाली, "तू स्वतः सांग त्यांना." मी दोन दिवस त्यांच्या मागेपुढे केलं आणि मला धीर झाला नाही. ते इतके आनंदात होते. तूप सुटल्यापासून पहिल्यांदाच.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी बाजारातून वेलची केळी आणली, सकाळपासून मला दूध पाजलं, आणि निघताना तांब्याभर पाणी. घरोघर हेच चाललं असणार, कारण मांडवात सगळीच मुलं पोटाला हात लावून हळूहळू चालत होती. एका मुलाने काट्यावर चढता चढता सगळी केळी मंडळाला परत केली. सेक्रेटरींनी पाणी टाकून फळी धुतली आणि माझं नाव पुकारलं.

मी स्टेजवर चढले. समोर अख्खी वसाहत, वर्गातली मुलं, खो-खोतल्या मुली. काट्याशेजारी सेक्रेटरी माईक घेऊन उभे, गोण्या तोलायची वजनं हाताशी. ते आकडा पुकारणार होते. मला कळलं की हा आकडा एकदा त्या कर्ण्यातून गेला की जिना, मैदान, बांबू, सगळं पुसलं जाणार आणि मी परत गोणी होणार. मी फळीपाशी थांबले.

"लाजतंस कशाला गो पोरी," सेक्रेटरी प्रेमाने म्हणाले, "पयला नंबर तुजाच हाय!" मांडव हसला.

पहिल्या रांगेत अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. चेहरा नुसता उजळलेला. मी त्यांच्याकडे बघितलं. नुसती बघत राहिले.

अप्पांचं हसू हळूहळू गेलं. ते उठले आणि स्टेजवर आले. मला वाटलं, आता हाताला धरून काट्यावर उभी करणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सेक्रेटरींच्या हातातल्या माईकपाशी वाकले. जन्मात कधी माईकवर बोलले नव्हते.

"माझ्या मुलीला नको आहे," ते म्हणाले. "मी तिला विचारलं नव्हतं. नाव काढा."

मग माझ्यामागे रांगेत असलेल्या आणखी दोन मुली आपापल्या आयांकडे बघून स्टेजवरून उतरल्या. सेक्रेटरींनी माईक या हातातून त्या हातात घेतला. बायकांच्या बाजूने डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "ज्यांना नको त्या सगळ्यांनी खाली या. आणि मंडळाला सांगते, पुढच्या वर्षी मुलांना तोलायचं नाही. पळवायचं." माझी आई उभी राहिली, मग एकेक करून मैदानावर येणाऱ्या मुलींच्या आया उभ्या राहिल्या. अशी बाई माझी आई आहे, हे मला त्या क्षणी सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

घरी जाताना अप्पा जिन्यापाशी थांबले.

"माझी बहीण भूक लागली की बोलायची नाही. नुसती माझ्याकडे बघायची," ते म्हणाले. "तू तशी बघितलीस."

पुढच्या वर्षी मंडळाने स्टेजऐवजी मैदानावर स्पर्धा घेतली. सगळ्या मुलांनी पळायचं, लंगडी घालायची, दोरीवर उड्या मारायच्या, आणि येईल त्या प्रत्येकाला बक्षीस म्हणून एक चेंडू. चेंडू सेक्रेटरींनीच आणले, आणि ही कल्पना आपलीच, असं ते नंतर सगळ्यांना सांगत. सांगू देत. आज मुलांच्या वाढत्या वजनाबद्दल मोठमोठी चर्चासत्रं होतात, मी त्यांतली दोन-चार ऐकली आहेत. एका मुलाकडे बोट दाखवू नका, सगळ्यांना खेळू द्या, घरातलं ताट सगळ्यांसाठी सारखं ठेवा, असं तज्ज्ञ सांगतात. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणते, आमच्या खाऱ्या प्लॉटवर या, बांबू कुठे पुरले होते ते दाखवते.

दहावीत असताना आमचा खो-खोचा संघ पहिल्यांदा बाहेर खेळायला गेला. हरून आलो. पण फोटो काढला होता. अप्पांनी तो फ्रेम करून आणला आणि जुन्या फोटोच्या शेजारी स्वतः खिळा ठोकला. मी त्यात मागच्या रांगेत आहे, चांगली भरलेली, घामाने ओली.

त्यानंतर एकदा गावाकडचे त्यांचे एक नातेवाईक आले. दोन्ही फोटो बघून त्यांना जुना खेळ आठवला. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते हसत विचारत होते, "मग, आता किती वजन हाय पोरीचं?"

अप्पांनी माझ्या हातातून कप घेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

"ते मी विचारत न्हाई," म्हणाले. "तुमी पळून बघा तिच्यासंगं."