सार्जंट रोशची भरती

मी न्यू जर्सीच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात होतो, इंजिनियर कंपनी नावाच्या तुकडीत. महिन्यातून एक वीकेंड ड्रिल, बाकी दिवस कॉलेज. बाबा एडिसनला एका गोडाउनमध्ये माल उतरवायचे. घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि फी गार्डने भरली. हे मी ताठ मानेने सांगतो.

आमचा स्क्वॉड लीडर सार्जंट रोश. आयर्लंडमधल्या न्यू रॉसचा. बॅरो नदीवरचं जुनं बंदर आहे ते. मी हिस्टरी शिकायचो म्हणून मला ‘प्रोफेसर’ म्हणायचा. बोटींचं मेंटेनन्स करताना गावाबद्दल बोलायचा. समुद्र तिथून बराच लांब, तरी भरतीचं पाणी गावातल्या धक्क्यापर्यंत चढतं. गाव नॉर्मन लोकांनी वसवलं. गावाभोवती कोट बांधायची वेळ आली तेव्हा एकेका धंद्याच्या माणसांनी दिवस वाटून घेतले. विणकरांचा एक, खलाशांचा एक, रविवार बायकांचा. पुढे बटाट्याचं पीक कुजलं आणि त्याच धक्क्यावरून माणसं जहाजं भरून अमेरिकेला निघाली. आता तिथे तसंच एक जहाज बांधून ठेवलंय, टूरिस्ट येऊन फोटो काढतात. पोरं मात्र नोकरीसाठी अजून बाहेरच जातात.

“मीही त्याच जहाजाने आलो, प्रोफेसर,” तो म्हणायचा. “फक्त विमानात बसून.”

मग एक मोठं वादळ आलं. आमच्या इथल्या नदीतही भरती चढते; ती रस्त्यावर आली आणि आम्हाला बोटी घेऊन बोलावलं. दुपारी रेडिओवर मेसेज आला. नदीकाठच्या एका घरात म्हातारं जोडपं, पुरुष अंथरुणाला खिळलेला, बाई दार उघडत नाही. आडनाव केळकर. रोशने माझ्याकडे पाहिलं.

“प्रोफेसर, तुझं डिपार्टमेंट.”

मी दारातून मराठीत हाक मारली. दार उघडलं.

“मराठी आहेस? मग आधी ते बूट काढ बाहेर.”

“काकू, घरात गुडघाभर पाणी आहे.”

“म्हणून काय बुटांनी आत येणार?”

रोशला भाषा कळली नाही, पण तो हसला. माडीवरून काकांना स्ट्रेचरवर खाली आणायला वेळ लागला. बोट लहान होती. आडवे काका, काकू, इंजिनवर आमच्याच स्क्वॉडचा स्पेशालिस्ट डियाझ आणि काकांना धरून मी. कडा पाण्याला टेकायला आली.

रोश पोर्चच्या खांबाला धरून उभा होता.

“सार्जंट, बसा.”

“निघा. भरती वळली, पाणी आता उतरणार. मी पुढच्या फेरीला येतो.”

“सार्जंट...”

“दॅट्स ॲन ऑर्डर.”

आम्ही निघालो. दोघांना ॲम्ब्युलन्समध्ये दिलं आणि बोट वळवली. मी रेडिओवर रोशला कॉल केला.

“टू सिक्स, टू सिक्स ब्राव्हो. तुमच्याकडे निघालोय. ओव्हर.”

उत्तर नाही. पुन्हा कॉल केला. उत्तर नाही. आम्ही पोचलो तेव्हा पोर्च नव्हता. घराचं दार वाहत्या पाण्यावर उघडत होतं, मिटत होतं. रोश दुसऱ्या दिवशी सापडला, प्रवाहात बराच खाली.

कंपनीत सगळे म्हणाले, न्यू रॉसचा माणूस, आपल्याच गावची नदी समजून बसला. वरून येणारं पाणी भरतीचं ऐकत नाही. मीही तेच धरून चाललो.

मागच्या वर्षी मी न्यू रॉसला गेलो, त्याच्या बहिणीला भेटायला. तिचं नाव नोरा. उतारावरच्या गल्लीत घर, खिडकीतून धक्का दिसतो. तिने चहा केला आणि सगळं सांगायला लावलं. मी काहीच वगळलं नाही. त्याची ती भरतीची चूकही सांगितली.

“त्या दिवशी पूर्ण भरती कधी होती?” तिने विचारलं.

“संध्याकाळी. सकाळच्या ब्रीफिंगला त्यानेच वेळ सांगितली होती...”

आम्ही काकांना दुपारी काढलं होतं.

“म्हणजे पाणी अजून चढतच होतं,” नोरा म्हणाली. “या गावात लहान पोरालाही ते कळतं. बोटीत जागा नव्हती ना?”

“नव्हती.”

मग तिने विचारलं, “ती दोघं कशी आहेत?”

“काका गेले, अंथरुणातच, शांतपणे. काकू मुलाकडे असतात, एडिसनला. अजून सगळ्यांना बूट काढायला लावतात.”

“छान,” ती म्हणाली आणि माझा कप पुन्हा भरला.

परत आल्यावर मी कंपनीतल्या एकेकाला फोन केला. सगळ्यात आधी डियाझला. त्याला भरतीची वेळ सांगितली. तो म्हणाला, “रॉजर,” रेडिओवर मेसेज पोचला की म्हणतात तसं. मग मी पुढचा नंबर लावला.